संबळ लिहिला, शिट्टी वाजायलीय

लातूरकर: म्यूझस्कोअरमध्ये, म्हणजे संगणकावर स्वरलिपी लिहायच्या प्रोग्राममध्ये, गोंधळाचा संबळ आधी पियानोच्या ओळीवर लिहिला, मग ड्रमसेटवर पेस्ट केला. मधेच शिट्टी वाजायलीय, काही ठोके मुकेच. काय करावं?

नांदेडकर: दादा, मिडी म्हणजे संगणकाला सूर क्रमांकाने सांगायची पद्धत. ड्रमसेट तिच्या १० नंबर चॅनेलवर वाजतो; तिथं सूर नसतो, सुराचा प्रत्येक क्रमांक म्हणजे वेगळं वाद्य. पियानोचा मधला सा, म्हणजे ६०, तिथं उंच बाँगो (हाताने वाजवायचा छोटा ढोल); त्यावरचा ७२ लांब शिट्टी. जनरल मिडीत, म्हणजे कुठल्या क्रमांकाला कुठलं वाद्य हे ठरवणाऱ्या यादीत, ३५ ते ८१ एवढेच आवाज ठरलेत, म्हणून बाकीचे ठोके मुके. पेस्ट केलेलं पुसा. बाँगोची ओळ घेऊन संबळाची उंच आवाजाची चाटी ६० वर, खालच्या आवाजाचा धुम ६१ वर (खालचा बाँगो) लिहा. धुमला घुमारा हवा तर ६४, खालचा काँगा (बाँगोपेक्षा मोठा ढोल).

परभणीकर: म्यूझिकएक्सएमएल (स्वरलिपी एका प्रोग्राममधून दुसऱ्यात न्यायची फाइल) हाताने दुरुस्त करत असाल तर जपून. तिथं तालवाद्याचे क्रमांक १ पासून मोजतात, ६० साठी ६१ लिहावं लागतं.