मॅग्नम: हरणाला एक, टार्गेटला दुसरं
वर विचारलंय की .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हरची काडतुसं स्वतः भरताना एकच लोड (गोळी आणि पावडरचं माप) हरणाच्या शिकारीला आणि टार्गेटच्या सरावाला चालेल का. चालेल हो, पण शंभर राऊंडनंतर मनगट बोंबलेल आणि ट्रिगरला झटके द्यायची सवय लागेल ती वेगळीच. मी इथे अमेरिकेत व्हाइटटेल हरणासाठी २४० ग्रेन वजनाची गोळी फुल लोडमध्ये वापरतो आणि टार्गेटला हलका लोड किंवा सरळ .४४ स्पेशल (त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये चालणारं सौम्य काडतूस), फक्त त्याची केस, म्हणजे काडतुसाची नळी, आखूड असल्याने चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या भोकात) काजळीची कडी धरते, ती घासून काढा नाहीतर मॅग्नम नीट बसत नाही. एच-११० पावडर मात्र हलक्या लोडला नको, ती रीलोडिंग मॅन्युअलमधल्या किमान मापाच्या खाली न्यायचीच नाही.

आणि क्रिंप, म्हणजे केसचं तोंड गोळीवर आवळणं! एकदा मी आळस केला, रिकॉइलने (गोळी झाडतानाच्या धक्क्याने) उरलेल्या काडतुसांतल्या गोळ्या पुढे सरकल्या, एक सिलेंडरबाहेर डोकावली आणि सिलेंडर फिरेचना, सगळी रेंज बघतेय माझ्याकडे. केसचं तोंड गोळीवरच्या खाचेत वळवून घट्ट रोल क्रिंप करा बाबांनो.

बाकी नाव ४४ असलं तरी गोळी .४२९ इंचाची लागते हं, ऑर्डर करताना बघा.