सोरायसिससाठी ऑक्सिजन चेंबर सुचवणं चूक आहे

त्वचारेषा:
सोरायसिस, एक्झिमा, कोड यांसाठी हायपरबॅरिक ऑक्सिजन सुचवूच नये, असं माझं मत. उपचार म्हणजे बंद चेंबरमध्ये वातावरणाच्या २ ते २.५ पट दाबात शुद्ध ऑक्सिजन, रोज ९० मिनिटं, २० ते ४० बैठका. त्यातून वाढतो तो रक्तद्रवात विरघळलेला ऑक्सिजन: साध्या हवेत १०० मिलीमागे जेमतेम ०.३ मिली, ३ पट दाबाला सुमारे ६ मिली. प्राणवायूला मुकलेल्या ऊतकाला याचा उपयोग आहे. सोरायसिसच्या चट्ट्यात रक्त आधीच भरपूर खेळतं, बिघाड प्रतिकारशक्तीचा असतो.

जखमपाल:
म्हणून त्वचेचं दारच लावून घ्यायचं? रेडिएशनने सूक्ष्म रक्तवाहिन्या आक्रसून वर्षानुवर्षं न भरणारी त्वचा, काळा पडू लागलेला ग्राफ्ट (जखमेवर बसवलेली दुसरीकडची त्वचा), हेही त्वचेचेच प्रश्न. मधुमेही पायाच्या जखमांवर २०१०च्या स्वीडिश चाचणीत ९४ रुग्ण होते. वर्षभरात ऑक्सिजन गटातल्या ५२ टक्के रुग्णांच्या जखमा पूर्ण भरल्या, दाबाखाली नुसती हवा घेणाऱ्यांत २९ टक्के.

त्वचारेषा:
रेडिएशन आणि ग्राफ्ट मान्य. पण मधुमेही पायावरच २०१८च्या डच चाचणीत, १२० रुग्णांत, ठोस फरक दिसला नाही. तो आकडाही सांगा ना.

जखमपाल:
सांगतो. तिथे ऑक्सिजन गटातल्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या रुग्णांचा कोर्स ठरल्याप्रमाणे पूर्ण झालाच नाही. शिवाय निवड महत्त्वाची. जखमेलगत त्वचेवर इलेक्ट्रोड लावून ऑक्सिजन मोजा. त्याचा दाब ४० मिमी पाऱ्यापेक्षा कमी असेल तरच पुढे जा. चेंबरमध्ये २००च्या वर चढत नसेल तर कोर्स लांबवण्यात अर्थ नाही. मोठी धमनी बंद असेल तर आधी ती उघडा.

चेंबरकक्ष:
मलमाचं कुणीच बोललं नाही! त्वचेचा रुग्ण हमखास व्हॅसलीन किंवा पॅराफिनचं काही लावून येतो. दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये ते सरळ इंधन आहे. साबणाने धुवा, कानामागची आणि नखांच्या कडेची चिकट पुटं पुसा, पेट्रोलियमचं ड्रेसिंग काढा, शंभर टक्के सुती गाऊन द्या. मधुमेह्याची साखर आत जाण्याआधी तपासा, आत ती घसरते. दाब चढताना कान दुखला तर तिथेच थांबा, थोडा दाब उतरवा, गिळायला सांगा आणि मगच पुढे. उपचार न केलेला न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाभोवती साठलेली हवा) असेल तर आत घ्यायचंच नाही.

आणि १.३ पट दाबाच्या फुगवायच्या पिशवीला हेच नाव देऊन सोरायसिसवाल्यांना बोलावतात, तिथे मी त्वचारेषांच्या बाजूने आहे. तेवढ्या दाबात वरचा एकही आकडा लागू होत नाही.