आधी पालापाचोळा साठवा

शाळा-खानावळींतून आणलेल्या ओल्या कचऱ्याच्या खताला वास येतो, अशी तक्रार दोघांनी केलीय. बहुतेकदा सुका माल कमी पडलेला असतो. उरलेल्या अन्नात पाणी फार, नत्रही (नायट्रोजन) बरंच. कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या 25-30 पट कर्ब (कार्बन) लागतो, तो सुक्या मालातून मिळतो. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक बादलीमागे दोन-तीन बादल्या वाळकी पानं किंवा लाकडाचा भुसा घाला आणि ढीग खालीवर करत राहा, हवा खेळली की वास जातो. शाळेच्या आवारात हीच पानं जाळलेली दिसतात तेव्हा फार वाईट वाटतं हो!

हॉटेलवाले कचरा वेगळा करायला टाळाटाळ करत असतील तर सरकारचे घनकचरा नियम दाखवा. ओला कचरा वेगळा ठेवणं ही त्यांचीच जबाबदारी आहे; 2016 च्या नियमांत तो शक्यतो आवारातच जिरवायलाही सांगितलं होतं.