अनुभव: कॉम्प्युटरवर चहा-पाणी सांडलंय का कधी?

उन्हाळ्यात कूलर, पावसाळ्यात गळका पत्रा आणि चहा तर बाराही महिने. आपल्या मराठवाड्यात टेबलावरचा कॉम्प्युटर भिजायला कारणं कमी नाहीत. काय सांडलं, काय वाचलं, काय गेलं ते लिहा. लॅपटॉप सध्या बाजूला ठेवू. आणि 'तांदळात ठेवा' म्हणणाऱ्यांनी आधी सीपीयू मावेल एवढं पोतं शोधावं.

उदगीर
आमचं ऑनलाइन फॉर्मचं दुकान. पीकविम्याच्या गर्दीत एका काकांचा अख्खा कप कीबोर्डवर. पोरानं लगेच यूएसबी ओढून कीबोर्ड पालथा धरला. वाळल्यावर चालला, पण स्पेसबार दाबला की वर येईना. साखर आत राहिलेली. स्क्रू काढून बटणं धुतली, आतल्या प्लास्टिकच्या पट्ट्या ओल्या फडक्यानं पुसल्या, मग सुधारला. खरं तर साधा कीबोर्ड चार-पाचशेत येतो, सीझनमध्ये एवढा खटाटोप परवडत नाही.

परभणी
आमच्याकडं सांडलं काहीच नाही. सीपीयू तापतो म्हणून झाकण काढलेलं अन् समोर कूलर. बोअरचं पाणी, बारीक तुषार उन्हाळाभर आत जायचे. एक दिवस डिस्प्लेच येईना. उघडून बघतो तर रॅमच्या स्लॉटवर पांढरे क्षार, कडेला हिरवट गंज. मेकॅनिकनं रॅमच्या पट्टीला खोडरबर मारलं, ब्रशनं स्लॉट साफ केला. एक स्लॉट गेला तो गेलाच.

नांदेड, दुरुस्तीवाला
गिऱ्हाईक आलं की पहिलं वाक्य ठरलेलं: 'पुसून चालू करून बघितलं होतं.' पाण्यातून वाचलेला बोर्ड तिथं मरतो.

शट डाऊन केलं म्हणजे करंट गेला असं नसतं. पिन लावलेली असली की एसएमपीएसमधून (सीपीयूच्या डब्यातला वीज पुरवणारा भाग) मदरबोर्डला, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डाला, ५ व्होल्ट स्टँडबाय चालूच राहतो. यूपीएस असेल तर भिंतीचं बटण बंद करूनही भागत नाही, तो बॅटरीवर चालतो; त्याचंही बटण बंद करा. जमिनीवर पाणी असेल किंवा हात ओले असतील तर पिनेला हातच लावू नका, कोरड्या हातानं घराचा मेन स्विच पाडा. पिन निघाल्यावर पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरा. मग मदरबोर्डवरचा गोल सेल काढा, सीआर२०३२. असतो ३ व्होल्टचाच, पण ओल्या बोर्डावर तेवढ्यानंही गंज धरतो. नंतर तारीख-वेळ पुन्हा लावावी लागते.

नुसतं पाणी असेल तर पंख्याखाली दोन दिवस. हेअर ड्रायर नको, थेंब चिपखाली ढकलले जातात. चहा किंवा कोल्ड्रिंक असेल तर वाळवून उपयोग नाही. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशनं धुवावंच लागतं. एसएमपीएसमध्ये पाणी गेलं असेल तर घरी उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर चार्ज असतो, पिन काढल्यावरही राहू शकतो.

जालना
खंडेनवमीला हापिसात पूजा. हळद-कुंकू, झेंडूची फुलं इथवर ठीक. साहेबांनी नारळ फोडला तो थेट कॅबिनेटवर! नव्या कॅबिनेटला वरून जाळी, सगळं पाणी ग्राफिक्स कार्डावर. कंपनीचा माणूस म्हणाला, पाण्याचं नुकसान वॉरंटीत बसत नाही. आता आमच्याकडं माउसची पूजा होते.

बीड
दादा, लेकीनं आत्ताच मॉनिटरवर बाटली उडवली. खालच्या कडेला काळा डाग दिसतोय. काय करू?

नांदेड, दुरुस्तीवाला
ताई, आधी पिन काढा. उभाच ठेवा, आडवा केला तर पाणी पॅनलभर पसरेल. सुती फडक्यानं नुसतं टिपा, दाबू नका. खालच्या कडेला बऱ्याचदा पॅनलचं सर्किट असतं, म्हणून दोन दिवस चालू करायचा मोह टाळा. मग रेघा आल्या तर फोटो टाका. पॅनल बदलायचं म्हणाल तर जवळपास नव्या मॉनिटरचेच पैसे जातात, त्यामुळं फोटो बघितल्याशिवाय कुणाला दुरुस्तीला हो म्हणू नका.