जुन्या बुलेटच्या चिमट्याचे बुश बदलताना पिनही बदलावी का?

प्रश्न

माझ्याकडे वडिलांची १९७४ सालची ३५० सीसी बुलेट आहे. गेले काही महिने घाटातल्या वळणावर वेग जरा वाढला की मागचे चाक बाजूला सरकल्यासारखे वाटते. टायर नवा आहे आणि चाकाचे बेअरिंगही गेल्या वर्षीच बदलले आहेत. गाडी मेन स्टँडवर घेऊन दोन्ही शॉकअब्सॉर्बर खालून सोडवले आणि चिमट्याचे (मागचे चाक धरणाऱ्या, वर-खाली होणाऱ्या दुहेरी दांड्याचे, म्हणजे स्विंगआर्मचे) टोक धरून आडवे हलवले, तेव्हा टोकाशी सुमारे दोन मिलिमीटर चाल (ढिलेपणा) दिसली; चिमटा ज्या पिनेवर हलतो त्या पिनेजवळ बोट ठेवले तर प्रत्येक झटक्याला ‘खट्’ असे जाणवते. गनमेटलचे (तांब्याच्या मिश्रधातूचे) बुश, म्हणजे पिनेभोवती चिमट्याच्या नळीत बसणाऱ्या पुंगळ्या, गेले आहेत, याबद्दल शंका उरलेली नाही. गॅरेजमध्ये ‘नवे बुश ठोकून देतो, तासाभराचे काम आहे’ असे सांगितले. पिन तीच ठेवावी की बदलावी, आणि बुश बसवल्यावर रीमर (भोक नेमक्या मापाचे करणारे हत्यार) मारणे खरोखर आवश्यक आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

आधी पिन मोजा. चिमटा पूर्ण फिरत नाही, जेमतेम काही अंशांतून वर-खाली होतो. त्यामुळे पिन सगळीकडून सारखी न झिजता, जिथे चेनची ओढ आणि गाडीचा भार येतो त्याच बाजूने झिजते. म्हणून मायक्रोमीटर एकाच जागी लावून भागत नाही. बुश जिथे घासतो तिथे आडवे-उभे माप घ्या आणि मधल्या न घासलेल्या भागाशी ताडून पाहा. फरक ०.०५ मिमीपेक्षा जास्त निघाला तर माझ्या मते पिन नवीच घ्यावी, कारण लंबगोल झालेल्या पिनेवर नवा बुश चढवला तरी चाल पहिल्या दिवसापासून राहते. दोन बुशांमधल्या अंतराच्या मानाने चिमटा बराच लांब असतो, त्यामुळे पिनेपाशी असलेली थोडीशी चाल टोकाशी चार-पाच पट होऊन दिसते.

रीमर मारणे आवश्यकच आहे. बुश नळीत दाबला की तो बाहेरून आवळला जातो आणि आतले भोक लहान होते. दोन्ही बुश बसवून झाल्यावरच लांब रीमर एका बाजूने घालून दुसऱ्या बाजूपर्यंत न्यावा, म्हणजे दोन्ही भोके एका रेषेत येतात. एकेक बुश वेगळा रीम केला तर पिन एकातून सहज जाते आणि दुसऱ्यात अडकते. तेल लावलेली पिन हाताच्या दाबाने सरकली पाहिजे, पण खुळखुळता कामा नये.

प्रतिसाद २

वरील सल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे. फक्त एक विनंती आहे, की कोणालाही हातोडा आणि छिन्नी वापरू देऊ नका. माझ्या गाडीचा जुना बुश असाच काढताना नळीच्या आत खोल ओरखडा पडला, आणि शेवटी लेथवर नळीचे भोक वाढवून जादा मापाचे बुश करून घ्यावे लागले. लांब जाड बोल्ट घ्या, एका टोकाला बुशच्या बाहेरच्या व्यासापेक्षा किंचित लहान जाड वॉशर लावा, दुसऱ्या टोकाला बुश आत मावेल एवढा पाइपचा तुकडा ठेवा आणि नट आवळत जा. बुश सरळ रेषेत बाहेर येतो. नवा बसवतानाही हीच युक्ती उलट वापरावी.

नवे बुश रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. २८ मिमी व्यासाचा गनमेटल बुश उणे १८ अंशांपर्यंत थंड केला तर सुमारे ०.०२ मिमी आकसतो, आणि तेवढ्यानेही तो तोंडाशी तिरका धरत नाही. बुशमधले ग्रीसचे भोक निपलच्या (ग्रीस भरण्याच्या तोंडाच्या) भोकासमोर येईल, अशी मार्करने खूण करूनच दाबा. कोणी नायलॉनचे बुश सुचवले तर घेऊ नका; नायलॉन पाणी शोषून फुगते, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात पिन त्यात आवळली जाते.

मूळ प्रश्नकर्ता

आपणा दोघांचेही मनापासून आभार. पिन बुशच्या जागी ०.१५ मिमी झिजलेली निघाली, म्हणून पिन आणि दोन्ही बुश नवे घेतले, आणि शहरातल्या एका वयस्क टर्नरकाकांकडून दोन्ही भोके एका दमात रीम करून घेतली. आता टोकाशी हाताला कळेल एवढीही चाल नाही. काढलेले बुश पाहिले तेव्हा डाव्या बुशचे ग्रीसचे भोक वाळलेल्या काळ्या ग्रीसने पूर्ण बुजलेले होते. इतकी वर्षे मी निपलमध्ये पंप मारत होतो आणि ग्रीस पिनेपर्यंत पोहोचतच नव्हते.