मेडिकल झाले, पण सैन्यभरतीची अंतिम यादी लागत नाही. भावाने या काळात काय करावे?

प्रश्न (घाटकोपर):
माझा धाकटा भाऊ अग्निवीर भरतीची लेखी परीक्षा आणि ग्राउंड (मैदानी चाचणी) उत्तीर्ण झाला असून मेडिकलमध्येही तो पात्र ठरला आहे. मात्र अंतिम गुणवत्ता यादी अद्याप लागलेली नाही. आज ना उद्या बोलावणे येईल या आशेवर त्याने कुरिअरचे काम सोडले आणि पहाटेचे धावणेही जवळजवळ बंद केले. दिवसभर तो मोबाइलवर भरतीचे संकेतस्थळ उघडून बसतो. चाळीत जो तो ‘अजून गेला नाहीस का?’ असे विचारतो, म्हणून तो खालीही उतरत नाही. एका ओळखीच्या गृहस्थांनी पैसे दिल्यास यादीत नाव लावून देतो, असे सुचवले आहे. त्याची उमेद टिकावी यासाठी घरच्यांनी काय करावे?

उत्तर (माजी सैनिक, डोंबिवली):
ताई, त्या गृहस्थांना पुन्हा उंबरठा चढू देऊ नका. यादी गुणांवर लागते. पैसे घेऊन नाव लावून देतो म्हणणारा माणूस फसवणूकच करत असतो.

दुसरी गोष्ट भावाला स्पष्ट सांगावी लागेल. मेडिकलमध्ये पात्र ठरणे म्हणजे निवड होणे नव्हे, कारण जागा मर्यादित असतात आणि नाव आले नाही तर पुढच्या भरतीसाठी नव्याने अर्ज करावा लागतो. विलंब झाला म्हणून वयात सवलत मिळेल, असेही गृहीत धरू नये. करोनामुळे दोन वर्षे भरती न झाल्याने २०२२ मध्ये कमाल वय २१ वरून २३ करण्यात आले होते, परंतु ती सवलत त्या एकाच वर्षापुरती होती. म्हणून त्याने काम पुन्हा धरावे. बोलावणे आले की सोडता येते. आणि संकेतस्थळ दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी पाहावे.

उत्तर (भरतीचा सराव घेणारा, दादर):
धावणे थांबवणे हे सर्वांत मोठे नुकसान आहे. प्रशिक्षण केंद्रात गेल्यावर दम वाढवायला कोणी सवड देत नाही, आणि नाव आले नाही तर तेच १.६ किलोमीटर धावणे आणि तेच १० बीम (आडव्या दांड्याला लटकून शरीर वर उचलणे) पुन्हा काढायचे असतात. मात्र खंडानंतर एकदम वेग धरू नये. पदपथावर जोरात धावून नडगी दुखावलेली मुले माझ्याकडे नेहमी येतात. शिवाजी पार्कसारख्या मातीच्या मैदानावर आधी संथ अंतर वाढवावे.

वय बसत असेल तर पोलीस भरतीचा अर्जही भरावा. तेथे १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक मिळून ५० गुण आणि लेखी परीक्षेला १०० गुण असतात, त्यामुळे हाच सराव उपयोगी पडतो. शिवाय दुसरी वाट उघडी असली की मुलगा दिवसभर मोबाइल धरून बसत नाही, हे मी जवळून पाहिले आहे.

प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. कागदपत्रांचे काही राहून जाते का?

उत्तर (माजी सैनिक, डोंबिवली):
होय. चारित्र्य प्रमाणपत्र आणि अविवाहित असल्याचा दाखला सहा महिन्यांच्या आतील लागतो, त्यामुळे या भरतीच्या मैदानी चाचणीच्या वेळी काढलेले दाखले पुढच्या अर्जाला चालतीलच असे नाही. तारखा आजच तपासा. गुणपत्रिका, अधिवास आणि जातीचा दाखला यांवरील नावाचे स्पेलिंग आधार कार्डाशी अक्षरशः जुळवून पाहा. एका अक्षराचा फरक असेल तर दुरुस्तीला वेळ लागतो आणि तो वेळ आत्ता तुमच्या हाती आहे. अर्जात दिलेला मोबाइल क्रमांक आणि ई-मेल मात्र चालू ठेवा.