मदत हवी आहे : रेनबोच्या 'रायझिंग'मधला सिंथ (सिंथेसायझर) स्टेजवर कसा वाजवायचा?

नमस्कार मंडळी,

आमचा बँड रेनबो या ब्रिटिश रॉक बँडचा १९७६ सालचा 'रायझिंग' अल्बम बसवतोय. कीबोर्ड माझ्याकडे आहे आणि अडचण पहिल्याच गाण्यात आहे. 'टॅरो वुमन'ची सुरुवात त्यांचा कीबोर्डवादक टोनी कॅरी याच्या एकट्या सिंथवर होते, मग रिची ब्लॅकमोरची गिटार हळूहळू वर येते. त्या सुरुवातीशिवाय पुढच्या जादूटोण्याच्या दुनियेत शिरताच येत नाही, म्हणून ती गाळायला माझा ठाम विरोध आहे.

लॅपटॉपवर मिनीमूग या जुन्या सिंथसारखा आवाज बनवलाय : तीन ऑसिलेटर (मूळ आवाज तयार करणारे भाग), त्यातला एक किंचित बेसूर ठेवलेला, थोडा ग्लाइड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं), आणि आवाजाची धार कमीजास्त करणारा फिल्टर हाताने सावकाश उघडायचा. हेडफोनवर अंगावर काटा येतो. पण गिटार आणि ड्रम्स सुरू झाले की सिंथ पार गायब! आवाज वाढवला तर नुसता कर्कश होतो. एक सप्तक वर वाजवू, की गिटारवाल्याला मधल्या फ्रिक्वेन्सी कमी करायला सांगू?

दुसरं, 'स्टारगेझर'. मांत्रिक गुलामांकडून मनोरा बांधून घेतो, त्यावरून उडायला जातो आणि कोसळतो. गायक डिओ हे गातो तेव्हा मागे म्युनिक फिलहार्मोनिकचा अख्खा वाद्यवृंद आहे. माझ्याकडे एकच कीबोर्ड. डाव्या हाताला ऑर्गन, उजव्या हाताला स्ट्रिंग्ज असा स्प्लिट कोणी लाइव्ह वाजवलाय का? स्ट्रिंग्ज आधी रेकॉर्ड करून ट्रॅकवर टाकायला मन तयार नाही, कारण आमचा ड्रमर क्लिकवर (कानात वाजणाऱ्या मेट्रोनोमच्या ठोक्यावर) वाजवत नाही.

जाणकारांनी कृपया सेटिंगसकट सांगा.